हातात दिलं तेवढ्याचा हिशेब

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय आहे 'प्रतिफळ'. ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, हा शब्द बरेचदा येतो. जो विश्वासू राहील त्याला देवाच्या राज्यात प्रतिफळ मिळेल, असं येशू ख्रिस्त आपल्या शिष्यांना सांगतो. वरवर ऐकलं तर वाटतं, यात समजून घेण्यासारखं काय आहे? चांगलं वागायचं आणि वर गेल्यावर बक्षीस घ्यायचं. पण येशूने याविषयी ज्या गोष्टी सांगितल्या, त्या शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांचे हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत. ते का जुळत नाहीत हे उमगलं, की त्याची शिकवण उमगते. ही शिकवण भलत्याच अर्थाने सांगितली तर बाईमाणसाचं किती नुकसान होतं, तेही दिसतं. म्हणून आपण ख्रिस्ती असो, बौद्ध असो, हिंदू असो की आणखी कुणी, हा विषय एकदा नीट ऐकायला हरकत नाही.

आधी आपल्या रोजच्या बोलण्यातले तीन शब्द घेऊ.

पहिला शब्द मजुरी. रोवणीला गेलो, दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावले, संध्याकाळी पैसे मिळाले. तो आपला हक्क. देणारा उपकार करत नाही.

दुसरा शब्द मोबदला. हा शब्द गोसीखुर्दच्या बायांना कुणी शिकवायला नको. 22 एप्रिल 1988 रोजी वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी झाली. 1983 साली 372 कोटी रुपयांचा अंदाज धरलेला प्रकल्प वाढत वाढत गेला आणि 2009 साली राष्ट्रीय प्रकल्प ठरला. एवढ्या वर्षांत घर, शेत, गोठा, गावचं देऊळ, विहीर सोडून पुनर्वसनाच्या गावठाणात आलेल्या घरांमध्ये 'मोबदला' हा शब्द रोज बोलला गेला. मोबदला म्हणजे गेलेल्या वस्तूची भरपाई. तोही हक्कच.

तिसरा शब्द बक्षीस. शाळेत मुलगी पहिली आली, तिला बक्षीस मिळालं. एकीला मिळालं म्हणजे बाकीच्या मागे राहिल्या.

आता गंमत अशी, की येशूच्या बोलण्यातलं प्रतिफळ या तिन्हींत पुरतं बसत नाही. कसं ते त्याच्याच तीन गोष्टींमधून पाहू.

पहिली गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात, 25 व्या अध्यायात आहे. एक धनी परगावी निघाला. जाताना त्याने तीन चाकरांच्या हाती आपला पैसा सोपवला. एकाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. ज्याची जशी कुवत, तसं दिलं. तालांत हे त्या काळचं चांदी-सोनं मोजायचं मोठं वजन. मजुराची एक दिवसाची मजुरी एक दीनार, आणि एका तालांताचे साधारण 6,000 दीनार. म्हणजे वर्षातले 300 दिवस काम मिळालं असं धरलं तर एक तालांत म्हणजे 20 वर्षांची मजुरी. आपल्याकडे रोज 300 रुपये धरला तर 18 लाख रुपये! तेव्हा ज्याला सगळ्यांत कमी मिळालं, त्याच्याही हातात थोडंथोडकं नव्हतं. आपण एखाद्या मुलीला गाणं छान येतं म्हणून 'हिच्यात टॅलेंट आहे' म्हणतो ना, तो इंग्रजी शब्द याच गोष्टीतल्या तालांतावरून रूढ झाला.

पहिल्या दोघांनी पैसा कामाला लावला आणि दुप्पट केला. तिसऱ्याने खड्डा खणला आणि पैसा पुरून ठेवला. बऱ्याच काळाने धनी आला. पाचाचे दहा करणाऱ्याला त्याने शाबासकी दिली. दोनाचे चार करणाऱ्यालाही दिली. मत्तयाने ते शब्द लिहून ठेवले आहेत, आणि दोघांसाठी ते अगदी सारखे आहेत. दहावाल्याला जास्त गोड आणि चारवाल्याला कमी, असं नाही. दोघांनाही एकच सांगणं: थोड्यावर विश्वासू राहिलास, आता पुष्कळावर नेमतो, ये आणि माझ्या आनंदात सामील हो.

इथे थोडं थांबू. दोघांना काय मिळालं? पैशाची थैली घेऊन घरी जा, आता आराम कर, असं धनी म्हणाला नाही. त्याने त्यांना आणखी मोठं काम दिलं आणि आपल्या आनंदात वाटा दिला. हे आपल्याला परकं वाटायला नको. बचत गटात काय होतं? महिन्याला थोडीथोडी रक्कम जमा होते. जिच्याकडे वही आहे ती बाई दर बैठकीला हिशेब वाचून दाखवते, एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही. मग गट तिच्यावर बँकेचं कर्ज उचलण्याची जबाबदारी टाकतो. त्या विश्वासाची किंमत रुपयांत मोजता येत नाही. येशूच्या गोष्टीतलं प्रतिफळ या जातीचं आहे.

आणि तिसरा चाकर? त्याने चोरी केली नाही, पैसा उडवला नाही. जेवढं दिलं तेवढं मातीसकट परत आणलं. मग धनी रागावला का? त्या चाकराचं उत्तर ऐका. तो म्हणतो, तू कठोर माणूस आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणून मी भ्यालो. पहिल्या दोघांना तसं वाटलं नव्हतं. धनी तोच, पण याच्या मनातलं धन्याचं चित्र वेगळं. ज्याला देव म्हणजे चूक पकडायला टपलेला मुकादम वाटतो, तो हात हलवायलाच भितो. ख्रिस्ती उपदेशक या गोष्टीवर बोलताना आळसावर भर देतात. त्यांचं चूक नाही, धनी त्याला आळशी म्हणतोच. पण आळसाच्या मुळाशी भीती होती, हे त्या चाकरानेच स्वतःच्या तोंडाने सांगितलं आहे. कितीतरी बाया आपल्यातली हुशारी अशीच पुरून ठेवतात. काय म्हणतील, चुकलं तर, घरातले रागावले तर. बायबल वाचणाऱ्या बाईला ही गोष्ट सांगते, की ज्याने तुझ्या हातात हे दिलं तो तुझी चूक शोधत बसलेला नाही.

दुसरी गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात, 19 व्या अध्यायात. ऐकायला पहिलीसारखीच, पण आकडे निराळे. इथे दहा चाकरांना प्रत्येकी एक मोहर मिळते. मोहर म्हणजे सुमारे 100 दिवसांची मजुरी, म्हणजे तालांताच्या मानाने फारच कमी. सगळ्यांना सारखंच. एकाने एका मोहरेच्या दहा केल्या, त्याला दहा नगरांचा कारभार मिळाला. दुसऱ्याने पाच केल्या, त्याला पाच नगरं. म्हणजे पहिल्या गोष्टीत देणं कमी-जास्त आणि शाबासकी सारखी. दुसऱ्या गोष्टीत देणं सारखं आणि जबाबदारी कमी-जास्त.

तिसरी गोष्ट पुन्हा मत्तयात, 20 व्या अध्यायात. ही तर आपल्याच नाक्यावरची वाटेल. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर शोधायला बाजारात गेला. एक दीनार रोज ठरला आणि मजूर कामाला लागले. नऊच्या सुमारास तो पुन्हा गेला, आणखी काही मजूर आणले. बाराला गेला, तीनला गेला. पाच वाजता, दिवस बुडायला तासभर उरला असताना, पुन्हा गेला, तर काहीजण अजून तिथेच उभे. दिवसभर रिकामे का उभे आहात, असं त्याने विचारलं. आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही, असं ते म्हणाले.

नाक्यावर शेवटपर्यंत कोण उरतं ते आपल्याला माहीत आहे. म्हातारी, पोटुशी, कडेवर लहान लेकरू असलेली, नुकतीच आजारातून उठलेली. मुकादम धडधाकट बघून नेतो. या मालकाने उरलेल्यांनाही नेलं. संध्याकाळी पैसे वाटताना शेवटी आलेल्यांना आधी बोलावलं आणि पूर्ण दिवसाचा दीनार हातावर ठेवला. पहाटेपासून राबलेल्यांना वाटलं, आता आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दीनार. ते कुरकुरले. आम्ही दिवसभर ऊन सोसलं, यांनी तासभरच काम केलं. मालक म्हणाला, ठरलं ते तुला दिलं, तुझा एक पैसाही मारला नाही. मी दुसऱ्याशी चांगला वागलो, म्हणून तुझ्या पोटात का दुखावं?

एक दीनार म्हणजे एका घराची एका दिवसाची चूल. तासभर काम केलेल्याला तासाचीच मजुरी दिली असती, तर त्याच्या घरी त्या रात्री अर्धी भाकरीही झाली नसती. मालकाने काम मोजलं नाही, भूक मोजली.

आता तिन्ही गोष्टी एकत्र धरा. पहिलीत दोघांची कमाई वेगळी, शाबासकी सारखी. दुसरीत जसं काम, तशी जबाबदारी. तिसरीत काम कमी-जास्त, पदरात पडलं ते सारखंच. हिशेबनीस म्हणेल, यांचा ताळा लागत नाही. पण येशूला काय सांगायचं आहे ते तिन्हींतून मिळून कळतं. पहिली सांगते, की दुसरीकडे पाच आहेत आणि माझ्याकडे दोनच, याची खंत नको. जे तुझ्या हातात आहे त्याच्याशी तू कशी वागलीस, एवढंच विचारलं जाईल. दुसरी सांगते, की तुझ्या मेहनतीला अर्थ आहे, ती वाया जात नाही. आणि तिसरी सांगते, की तरीही मी एवढं केलं म्हणून देव माझं देणं लागतो, असं म्हणायला जागा नाही. देणारा स्वतःच्या चांगुलपणाने देतो. ख्रिस्ती भाषेत या चांगुलपणाला 'कृपा' म्हणतात.

इथेच एक भेद सांगायला हवा, कारण पुष्कळदा त्यात गोंधळ होतो. 'तारण' वेगळं आणि 'प्रतिफळ' वेगळं. तारण म्हणजे पापातून सुटका आणि देवाशी जुळलेलं नातं. ते विकत मिळत नाही, चांगल्या कामांच्या बदल्यात मिळत नाही, ते देवाचं दान आहे, असं प्रेषित पौल इफिस इथल्या मंडळीला लिहितो. करिंथ इथल्या मंडळीला मात्र तोच पौल सांगतो, की प्रत्येकाच्या कामाची परीक्षा होईल. पाया एकच, ख्रिस्त. त्यावर कुणी सोन्या-चांदीने बांधतो, कुणी लाकूड, गवत, पेंढ्याने. आगीतून जे टिकेल त्याचं प्रतिफळ मिळेल. ज्याचं जळून जाईल त्याचं नुकसान होईल, पण तो स्वतः वाचेल. म्हणजे लेकरू घरचं आहे की नाही हा प्रश्न त्याच्या मार्कांवर ठरत नाही. पण त्याने केलेल्या अभ्यासाला किंमत आहेच.

या दोहोंचा मेळ कसा घालायचा, यावरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळींमध्ये सोळाव्या शतकापासून मोठा वाद झाला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक आणि लूथरन मंडळींनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देव माणसाला स्वीकारतो तो कृपेनेच, आणि चांगली कामं ही त्या कृपेची फळं आहेत, एवढं दोघांनी मिळून मान्य केलं. प्रकटीकरणाच्या पुस्तकात एक दृश्य आहे. मुकुट मिळालेले वडीलजन ते मुकुट उतरवून देवाच्या सिंहासनापुढे ठेवतात. मिळालेलं प्रतिफळही शेवटी ज्याचं त्यालाच परत.

हे सगळं शास्त्रातलं झालं. प्रत्यक्ष आयुष्यात असा विश्वासूपणा कसा दिसतो? त्यासाठी महाराष्ट्रातल्या एका बाईची आठवण काढू. पंडिता रमाबाई. जन्म 1858 चा. दुष्काळात आई-वडील गेले, पुढे भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा गेला. पदरात लहान मुलगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला असताना त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी 'शारदा सदन' उघडलं. सुरुवातीला मुली किती? दोन. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, माहेरच्या गोदूबाई, या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकीच.

1890 मध्ये सदन पुण्याला आलं. 1893 मध्ये तिथे मुलींना ख्रिस्ती केलं जातं, असा गवगवा झाला. सल्लागार मंडळातल्या मोठ्या लोकांनी अंग काढून घेतलं, पालकांनी कितीतरी मुली घरी नेल्या. त्या दिवशी कुणी रमाबाईंचा ताळेबंद मांडला असता, तर तोट्याचाच निघाला असता.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. त्या वेळी आपला भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. त्या मध्य प्रांतात रमाबाई स्वतः आल्या. उपाशी, बेवारस झालेल्या मुली आणि बाया गोळा करून त्यांना पुणे जिल्ह्यात केडगावला घेऊन गेल्या. लहानपणी दुष्काळात वणवण केलेली ती बाई. भूक म्हणजे काय हे तिला कुणाकडून ऐकायची गरज नव्हती. केडगावचं 'मुक्ती सदन' असं उभं राहिलं. 1900 च्या सुमारास तिथे दीड हजार माणसं राहत होती. शेती, गुरं, विणकाम, शाळा आणि छापखाना, सगळं बाया चालवत.

रमाबाईंच्या शेवटच्या कामाकडे जरा निरखून पाहा. जेमतेम वाचता येणाऱ्या बाईलाही समजेल अशा साध्या मराठीत सगळं बायबल आणायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी उतारवयाकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हे काम जवळपास दीड तप, सतरा-अठरा वर्षं चाललं. मुक्तीतल्या मुलींनी खिळे जुळवले, त्यांनीच पानं छापली. 1921 मध्ये मनोरमा वारली. ज्या मुलीच्या हाती सगळं सोपवायचं तीच गेली. रमाबाई काम करत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं 1924 मध्ये. ते पुस्तक त्यांनी बांधलेलं पाहिलं नाही. पुढेही ते भाषांतर फारसं चाललं नाही. बहुतेक देवळांत बायबल सोसायटीचंच वाचलं जात राहिलं.

मग ही सगळी वर्षं वाया गेली का? प्रती किती खपल्या यावर मोजलं तर उत्तर एक येईल. येशूच्या पहिल्या गोष्टीप्रमाणे मोजलं तर उत्तर दुसरं येईल. रमाबाईंच्या हाती भाषा दिली होती. आई-वडिलांनी लहानपणी संस्कृत शिकवलं होतं, पुराणं मुखोद्गत होती. ते धन त्यांनी पुरून ठेवलं नाही. ज्यांच्यासाठी कुणी पुस्तक लिहीत नव्हतं, त्या बायांसाठी ते खर्च केलं. विश्वासूपणा म्हणजे हेच. फळ डोळ्यांनी दिसलं नाही तरी हातातलं काम नीट करत राहणं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात अशा माणसांची मोठी यादीच आहे. वचन दिलेलं पदरात पडण्याआधीच ती गेली, पण विश्वासात गेली.

एवढं मोठं काम प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. येशूने तर तहानलेल्याला दिलेल्या पेलाभर थंड पाण्याचंही प्रतिफळ बुडणार नाही, असं सांगितलं आहे. अशी लहान कामं कुठून कुठे पोचतात बघा. 1893 मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. हा रेल्वेमार्ग आपल्या भंडारा रोडवरूनच जातो. डब्यात एका परदेशी प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं आणि त्याने त्यांना नव्या कराराचं पुस्तक दिलं. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि मराठी ख्रिस्ती भजनं त्यांनी समृद्ध केली. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग स्वतः विचार करून 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहिलं. दुसऱ्याच्या हातून अर्धवट राहिलेलं काम आपलं मानून ओढणं, हाही विश्वासूपणाच.

आता मी सुरुवातीला म्हटलं तो नुकसानीचा भाग. प्रतिफळाची शिकवण तीन ठिकाणी वाकवली जाते. तिन्ही ठिकाणी सावध राहायला हवं.

पहिलं ठिकाण हक्काचं. 'इथे नाही मिळालं तर वर मिळेल' असं सांगून कुणी मजुरी दाबत असेल, मोबदल्याचा कागद अडवत असेल, तर बायबल त्याच्या बाजूने नाही. मजुराचे पैसे दिवस मावळायच्या आत द्या, असा मोशेच्या नियमशास्त्रात हुकूम आहे. याकोब आपल्या पत्रात लिहितो, की कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. जमिनीविषयीही एक गोष्ट आहे. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. बदल्यात दुसरा चांगला मळा देतो, नाहीतर चांदी मोजतो, असं राजा म्हणाला. नाबोथ म्हणाला, ही वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला मारवलं. तेव्हा एलीया संदेष्टा थेट राजापुढे उभा राहिला आणि त्याने जाब विचारला. जमीन म्हणजे नुसती किंमत नसते, हे त्या जुन्या ग्रंथालाही ठाऊक होतं. स्वर्गातलं प्रतिफळ हे इथलं देणं बुडवण्याची सबब होऊ शकत नाही. गोष्टीतल्या मळ्याच्या मालकाने आधी ठरलेली मजुरी चुकती केली आणि मग वरचं औदार्य दाखवलं, हे विसरू नका.

दुसरं ठिकाण घरातलं. विश्वासू बायको मार खाते, सोसते, तोंड उघडत नाही, तिला देव प्रतिफळ देतो, असं सांगणारे सगळ्या धर्मांत भेटतात. येशूच्या एकाही गोष्टीत धन्याने चाकराला मार सोसल्याबद्दल शाबासकी दिलेली नाही. शाबासकी मिळाली ती हातातलं धन वाढवल्याबद्दल. आपला जीव, आपलं शरीर, आपली अक्कल हेही देवाने सोपवलेलं धन आहे. ते सांभाळणं हा विश्वासूपणाचाच भाग. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा 2005 सालापासून आहे. महिला हेल्पलाइनचा क्रमांक 181. तो फिरवणारी बाई कुठल्याही देवाशी बेइमानी करत नाही.

तिसरं ठिकाण पैशाचं. 'एवढं दान द्या, देव दुप्पट देईल' असं म्हणणाऱ्याला गोष्टीतला तालांत कसा दुप्पट झाला ते छान पाठ असतं. पण येशूने विधवेच्या दोन दमड्यांचं कौतुक केलं ती गोष्ट पाहा. त्या दोन दमड्या मिळून एका दिवसाच्या मजुरीचा 64 वा भाग. रोज 300 रुपये धरला तर पाच रुपयेही नाहीत. श्रीमंतांनी टाकलेल्या मोठ्या रकमांपेक्षा हिने जास्त टाकलं, असं येशू म्हणाला, कारण तिच्याजवळ होतं ते सगळं तिने दिलं. त्या दमड्या दुप्पट होऊन तिला परत मिळाल्या, असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि मार्काच्या 12 व्या अध्यायात ही गोष्ट येण्याच्या अगदी आधी काय आहे? लांब झगे घालून मिरवणाऱ्या आणि विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने टीका केली आहे. दुप्पट पैशाची योजना घेऊन दारात कुणी आलं, मग तो कंपनीचा एजंट असो की देवाचं नाव घेणारा, गटाच्या वहीला आणि बँकेच्या पासबुकाला आधी विचारा.

मैत्रिणींनो, एवढ्यावरून देवाच्या राज्यातलं प्रतिफळ कसं असतं त्याचा अंदाज येतो. शर्यत नाही, म्हणून शेजारणीला मिळालं तर माझं कमी होत नाही. मजुरी नाही, म्हणून तासांची कुरकूर चालत नाही. मोबदला नाही, म्हणून त्याने इथलं कुणाचं देणं फिटत नाही. ज्याने विश्वास टाकला त्याने आणखी जवळ बोलावणं, मोठं काम देणं आणि आपल्या आनंदात वाटेकरी करून घेणं, असं ते आहे. चांगलं काम लोकांना दाखवण्यासाठी करू नका, गुप्त ठेवा, असंही येशू सांगतो. कुणी टाळ्या वाजवल्या तर ते प्रतिफळ तिथेच मिळून संपलं.

या आठवड्यात गटाची बैठक असेल तेव्हा एक करून बघा. प्रत्येकीने दुसरीच्या हातात काय आहे ते सांगायचं. स्वतःचं आपल्याला दिसत नाही. एखादीचा हिशेब पक्का असतो, एखादीला बाळंतिणीची काळजी घेता येते, एखादी अर्ज नीट लिहिते, एखादीजवळ जुन्या बुडालेल्या गावातली गाणी असतात. जिने आपलं पुरून ठेवलं असेल तिला बोल लावू नका. ती कशाला भ्याली ते विचारा, आणि ती भीती जायला गटाने काय करावं ते तिथेच ठरवा.